उतारवयातील स्मरणशक्ती, पूर्वज्ञान आणि मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वय वाढले की स्मरणशक्ती कमी होते, हे विधान इतके सरसकट केले जाते की त्यातला कोणता भाग पूर्ण खरा आणि कोणता अर्धाच खरा, हे तपासायचे राहून जाते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः निरोगी उतारवयाविषयी आहेत. स्मृतिभ्रंशाचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे. एखादी गोष्ट लक्षात राहील की नाही, हे वयाइतकेच त्या व्यक्तीला आधीपासून काय ठाऊक आहे यावरही ठरते, आणि हा आधार सावरतो तसा फसवूही शकतो, हे या सर्व उत्तरांमागचे सूत्र आहे.

वय वाढते तशी नेमकी कोणती स्मृती कमी होते?

स्मृती ही एकसंध क्षमता नाही. एन्डेल टुल्व्हिंग यांनी १९७२ साली दोन प्रकारांमधला फरक मांडला, तो आजही उपयोगी पडतो. पहिला प्रकार प्रसंगांच्या स्मृतीचा: काल कोण भेटले, कोठे भेटले, बोलणे कशावर झाले. दुसरा प्रकार ज्ञानाच्या स्मृतीचा: शब्दांचे अर्थ, जगाविषयीची माहिती, एखाद्या विषयाची जाण. प्रसंगस्मृती उतारवयात हळूहळू क्षीण होत जाते. ज्ञानस्मृती मात्र साठीपर्यंत बहुधा टिकते किंवा वाढते. शब्दसंग्रहाच्या चाचण्यांत तर साठीच्या व्यक्ती विशीतल्या व्यक्तींना मागे टाकतात.

प्रसंगस्मृतीतही सगळेच सारखे घटत नाही. एकेक गोष्ट स्वतंत्रपणे ओळखणे बऱ्यापैकी शाबूत राहते, परंतु दोन गोष्टींची परस्परांशी सांगड घालणे अवघड होते. चेहरा ओळखीचा वाटतो, नावही ऐकलेले असते, पण हे नाव याच चेहऱ्याचे की दुसऱ्या कोणाचे, येथे गाडी अडते. मोशे नावे-बेंजामिन यांनी २००० साली हीच सांगडीतली उणीव उतारवयातील विस्मरणाच्या केंद्रस्थानी असल्याचे मांडले, आणि त्यानंतरच्या पुष्कळ प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला आहे. पूर्वज्ञान का मदत करते, याचे अर्धे उत्तर येथेच आहे: ज्या सांगडी आधीपासून तयार आहेत, त्या नव्याने घालाव्या लागत नाहीत.

पूर्वज्ञान म्हणजे केवळ जुनी माहिती का?

नाही. सुट्या माहितीच्या साठ्यापेक्षा त्या माहितीची मनात बसलेली रचना अधिक महत्त्वाची असते. मानसशास्त्रात तिला स्कीमा म्हणतात. रुग्णालयात गेल्यावर आधी नोंदणी, मग प्रतीक्षा, मग तपासणी, हा क्रम कोणी सांगावा लागत नाही. तो ठाऊक असल्यामुळे आपण त्या भेटीतल्या वेगळ्या गोष्टींकडेच लक्ष देऊ शकतो.

फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली होती. पुन्हा सांगताना वाचकांनी तिच्यातले अनोळखी तपशील गाळले किंवा नकळत आपल्या परिचयाच्या गोष्टींत बदलून टाकले. आठवणे ही पुनर्रचना असते आणि त्या पुनर्रचनेचा आराखडा पूर्वज्ञान पुरवते, हे त्यातून पुढे आले. नव्या माहितीला टांगायला मनात खुंटी असेल तर ती टिकते, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. खुंटीच्या आकाराप्रमाणे माहितीचाही आकार बदलतो, ही बार्टलेट यांच्या निरीक्षणाची दुसरी बाजू सहसा सांगायची राहते.

उतारवयात पूर्वज्ञानाचा खरोखर फायदा होतो, याला पुरावा काय?

सर्वांत बोलका पुरावा वाणसामानाच्या किमतींच्या प्रयोगाचा आहे. अ‍ॅलन कॅसल यांनी २००५ साली तरुण आणि ज्येष्ठ व्यक्तींना नेहमीच्या वस्तू आणि त्यांच्या किमती दाखवल्या. काही किमती बाजारभावाशी जुळणाऱ्या होत्या, तर काही अवास्तव. अवास्तव किमती आठवण्यात ज्येष्ठ स्पष्टपणे मागे पडले. वास्तव किमतींच्या बाबतीत मात्र ते तरुणांच्या बरोबरीने उतरले. माणसे तीच, दिवस तोच, वस्तू आणि आकड्यांची जोडी लावण्याचे कामही तेच. बदलला तो फक्त त्या जोडीचा आधीच्या अनुभवाशी असलेला संबंध. प्रयोगशाळेतल्या बहुतेक चाचण्या परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या जोड्या वापरतात, म्हणजे ज्येष्ठांचे मुख्य बळ आधीच काढून घेतात. त्या चाचण्यांवरून दैनंदिन जीवनातल्या स्मृतीचे अनुमान काढताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

बुद्धिबळाचा दाखला याहून जुना आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली दाखवले की खऱ्या डावातली स्थिती अवघी ५ सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडतो. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या तर ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. मात्र यावरून तज्ज्ञाला वयाची झळ लागतच नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. नील चार्नेस यांना १९८१ साली आढळले की समान दर्जाच्या खेळाडूंपैकी वयस्करांना नुकतीच पाहिलेली स्थिती तरुणांपेक्षा कमी आठवत होती, तरी त्यांनी निवडलेली चाल तितकीच चांगली होती आणि ती निवडण्यासाठी त्यांनी कमी पर्याय पडताळले होते. स्मृती उणावली, काम उणावले नाही.

ओळखीची माहिती लक्षात ठेवताना मेंदूत काय घडते?

नवी आठवण तयार होताना मेंदूच्या आतल्या बाजूस असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग निरनिराळ्या तपशिलांची मोट बांधतो. उतारवयात याच भागाचे आकारमान घटत जाते आणि साठीनंतर ही घट साधारणपणे दरवर्षी १ टक्क्याच्या आगेमागे असते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागावरही वयाचा परिणाम लवकर होतो. येणारी माहिती आधीच्या रचनेत बसणारी असेल, तर प्रीफ्रंटल भागाचा मधला पट्टा आणि कानांच्या बाजूचे, ज्ञान साठवणारे टेम्पोरल भाग अधिक भार उचलतात, आणि हिप्पोकॅम्पसवरचे अवलंबित्व कमी होते, असे आजचे प्रमुख मत आहे.

या मताला बळ देणारा प्रयोग उंदरांवरचा आहे. रिचर्ड मॉरिस यांच्या गटाने २००७ साली उंदरांना एका बंदिस्त जागेत कोणत्या चवीचे खाणे कोठे मिळते, हे काही आठवडे शिकवले. हा नकाशा पक्का झाल्यावर नव्या चवींच्या जागा उंदीर एकाच फेरीत शिकले. एरवी अशी नवी स्मृती हिप्पोकॅम्पसवर दीर्घकाळ अवलंबून असते. येथे ४८ तासांनी हिप्पोकॅम्पस निकामी केल्यावरही ती टिकली.

माणसांतला पुरावा अधिक चटका लावणारा आहे. हेन्री मोलाइसन यांच्या मेंदूवर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला आणि त्यानंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता जवळजवळ संपली. त्यांना शब्दकोड्यांची आवड होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना खास तयार केलेली कोडी दिली गेली. ज्या कोड्यांत शोधसूत्र शस्त्रक्रियेनंतरच्या काळातले, पण उत्तर आधीपासून ठाऊक असलेले होते, ती कोडी सरावाने ते सोडवू लागले. पोलिओ हा रोग त्यांना पूर्वीपासून माहीत होता. त्याच्याशी साल्क यांच्या लशीचा नवा दुवा ते जोडू शकले. सूत्र आणि उत्तर दोन्ही नवे असलेल्या कोड्यांत मात्र प्रगती झाली नाही. निरोगी ज्येष्ठांची स्थिती मोलाइसन यांच्यासारखी मुळीच नसते, पण जुन्या ज्ञानाचा मार्ग हिप्पोकॅम्पसला कितपत पर्याय ठरू शकतो, याची दिशा येथे दिसते.

ज्येष्ठांच्या मेंदूत तरुणांपेक्षा जास्त हालचाल दिसते. हे चांगले लक्षण की वाईट?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे लेख सावधपणे वाचावेत. एफएमआरआय तपासणी रक्तातील ऑक्सिजनच्या बदलांवरून चेतापेशींच्या कामाचा अंदाज बांधते. चित्रातला गडद रंग हा गणिती तुलनेचा निष्कर्ष असतो, आणि त्यात मेंदूचे काम चांगले होते की वाईट, हे लिहिलेले नसते.

निरीक्षणे अशी आहेत. जे काम तरुण मुख्यतः प्रीफ्रंटल भागाच्या एका बाजूने करतात, त्यासाठी ज्येष्ठ बहुधा दोन्ही बाजू वापरतात. रॉबर्टो काबेसा यांनी २००२ साली या निरीक्षणाला प्रारूपाचे रूप दिले. मेंदूच्या मागच्या, दृश्य माहिती हाताळणाऱ्या भागांतली हालचाल कमी होते आणि पुढच्या भागातली वाढते, हेही वारंवार दिसले आहे. काबेसा यांच्या एका अभ्यासात दोन्ही बाजू वापरण्याचा हा प्रकार स्मरणात सरस ठरलेल्या ज्येष्ठांत दिसला, कमी गुण मिळवणाऱ्यांत दिसला नाही. म्हणून जादा हालचाल ही भरपाई आहे, असा अर्थ लावला गेला. डेनिस पार्क आणि पॅट्रिशिया रॉयटर-लोरेंझ यांनी २००९ साली हीच कल्पना व्यापक केली: मेंदू आयुष्यभर आधाररचना उभ्या करत असतो आणि वय वाढते तसा त्यांचा वापर वाढतो.

परंतु भरपाईला मर्यादा आहे. सोप्या कामातच जादा भाग कामाला लागले, तर काम कठीण झाल्यावर लावायला काही उरत नाही आणि कामगिरी घसरते. शिवाय उतारवयात मेंदूच्या विशिष्ट भागांचे वेगळेपण पुसट होते: चेहरे पाहताना आणि घरे पाहताना उमटणारे हालचालींचे नमुने तरुणांइतके भिन्न राहत नाहीत. अशा वेळी जादा हालचाल ही नेमकेपणा हरवल्याची खूण असू शकते.

सर्वांत महत्त्वाचा इशारा हिप्पोकॅम्पसविषयी आहे. स्मृतीची सौम्य पण असामान्य घट झालेल्या व्यक्तींत हिप्पोकॅम्पसच्या काही भागांची हालचाल वाढलेली आढळते, आणि ती बराच काळ उपकारक भरपाई मानली जात होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपस्मारावरील एका औषधाच्या अल्प मात्रेने ही हालचाल कमी केली, तेव्हा त्या व्यक्तींची स्मरणचाचणीतील कामगिरी सुधारली. म्हणजे तेथे ती जादा हालचाल अडथळाच ठरत होती. (यावरून कोणीही ते औषध स्वतःहून घेऊ नये, तो मर्यादित संशोधनाचा निष्कर्ष आहे.) हालचाल किती, यापेक्षा ती कोठे, कोणत्या कामासाठी आणि किती यशाने, हे पाहावे लागते.

मन भरकटल्यावर चालू होणारे मेंदूचे जाळे ज्येष्ठांत शांत होत नाही, असे म्हणतात. त्याचा ज्ञानाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो रंजक आहे. आपण बाहेरच्या कामात गुंतलेले नसताना सक्रिय असणारे हे जाळे आठवणी आणि अर्थ यांच्याशीही निगडित आहे. तरुणांत काम सुरू होताच ते मंदावते. ज्येष्ठांत तितके मंदावत नाही. पूर्वी हा निव्वळ दोष मानला जाई. नेथन स्प्रेंग आणि गॅरी टर्नर यांनी मात्र अशी मांडणी केली की उतारवयात हे जाळे लक्ष नियंत्रित करणाऱ्या प्रीफ्रंटल भागांशी अधिक जोडलेले राहते, कारण ज्येष्ठ व्यक्ती कामे करताना साठलेल्या ज्ञानावर अधिक भिस्त ठेवतात. ज्ञान उपयोगी पडणाऱ्या कामात ही जोडणी फायद्याची, आणि ज्ञानाचा संबंधच नसलेल्या कामात अडचणीची, असे त्यातून निघते. मांडणी आकर्षक आहे. अंतिम मानण्याइतकी ती अद्याप पक्की झालेली नाही.

पूर्वज्ञानामुळे चुकीच्या आठवणी तयार होतात का?

होतात, आणि उतारवयात काहीशा अधिक होतात. पलंग, उशी, पांघरूण, स्वप्न, थकवा, जांभई असे शब्द वाचून दाखवले, तर पुष्कळ जण यादीत 'झोप' हा शब्दही होता, असे ठामपणे सांगतात. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडर्मॉट यांनी १९९५ साली हा परिणाम ठसठशीतपणे दाखवला. ज्येष्ठांना यादीतले खरे शब्द कमी आठवतात, पण हा न उच्चारलेला शब्द तरुणांइतकाच किंवा त्याहून अधिक 'आठवतो'. सारांश टिकतो, तपशील गळतो, आणि गळालेली जागा ज्ञान भरून काढते.

रोजच्या व्यवहारात याचा परिणाम विशेषतः अपवादांच्या बाबतीत दिसतो. एखादे औषध नेहमी जेवणानंतर घेण्याची सवय असेल आणि डॉक्टरांनी या वेळी ते उपाशीपोटी घ्यायला सांगितले असेल, तर काही दिवसांनी आठवताना नेहमीचाच नियम पुढे येण्याची शक्यता मोठी असते. ही चूक आत्मविश्वासाने होते, म्हणून विसरण्यापेक्षा ती अधिक धोक्याची आहे. वारंवार ऐकलेल्या विधानांचेही तसेच आहे: विधान परिचित वाटते, पण ते खोटे असल्याचा खुलासाही सोबत ऐकला होता, हे निसटते.

शब्द जिभेवर येतो पण आठवत नाही. हे ज्ञान नष्ट होत असल्याचे लक्षण आहे का?

सहसा नाही. अर्थ शाबूत असतो. अर्थाकडून उच्चाराकडे जाणारा दुवा दुबळा झालेला असतो. विशेषनामांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण व्यवसाय, आवाज, चेहरा यांना एकमेकांचा आधार असतो, तर नावाला अर्थाचा आधार जवळजवळ नसतो. थोड्या वेळाने शब्द आपोआप आठवतो, हाच तो नष्ट न झाल्याचा पुरावा.

आयुष्यभर एका व्यवसायात मुरलेल्या व्यक्तीची स्मृती इतरांपेक्षा चांगली राहते का?

त्या व्यवसायापुरती बहुधा राहते. त्याबाहेर तसा फायदा मिळेलच असे नाही. टंकलेखकांवरचा टिमथी सॉल्टहाउस यांचा १९८४ सालचा अभ्यास याबाबत मार्मिक आहे. वयस्कर टंकलेखकांच्या प्रतिक्रियांचा वेग मंदावला होता, तरी त्यांचे टंकलेखन मंदावले नव्हते, कारण ते मजकुरात तरुणांपेक्षा पुढची अक्षरे आधीच पाहून ठेवत. जाणकार वैमानिकांच्या अभ्यासांतही हवाई नियंत्रण कक्षाच्या सूचना परत उच्चारून दाखवण्यातला वयाचा फरक काही परिस्थितींत कमी झालेला आढळला. अनुभवाचा लाभ असा नेमक्या कौशल्याला चिकटलेला असतो.

शिक्षणामुळे स्मृतिभ्रंश टळतो का?

टळतो असे म्हणता येणार नाही. त्याची लक्षणे उशिरा प्रकट होण्याची शक्यता वाढते. रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एका शुश्रूषागृहातील १३७ व्यक्तींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर असूनही त्या व्यक्ती हयातीत स्मृतिभ्रंशाविना वावरत होत्या, आणि त्यांच्या मेंदूचे वजन व मोठ्या चेतापेशींची संख्या जास्त होती. याकोव्ह स्टर्न यांनी पुढे बौद्धिक राखीव क्षमतेची संकल्पना विकसित केली: शिक्षण, व्यवसाय आणि बौद्धिक सहभाग यांमुळे मेंदू हानी सोसूनही काम निभावू शकतो. याची दुसरी बाजू अशी की राखीव क्षमता मोठी असलेल्या व्यक्तीत लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असू शकतो, आणि मग घसरण वेगाने होते.

मेंदूचे खेळ आणि स्मरणाचे प्रशिक्षण उपयोगी आहे का?

ज्या कौशल्याचा सराव करावा, त्यात सुधारणा होते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींवर झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' चाचणीत तर्क, प्रक्रियेचा वेग आणि स्मरण यांचे प्रशिक्षण वेगवेगळ्या गटांना दिले गेले. १० वर्षांनंतर तर्क आणि वेग यांतला लाभ शिल्लक होता, स्मरणातला उरला नव्हता.

नवे आणि खरोखर कठीण काही शिकणे अधिक आश्वासक वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डेनिस पार्क यांच्या अभ्यासात ज्येष्ठांनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकले. त्यांच्या प्रसंगस्मृतीत झालेली सुधारणा केवळ गप्पागोष्टी व सहली करणाऱ्या किंवा घरी परिचित कामांत रमणाऱ्या गटांपेक्षा अधिक होती. पूर्वज्ञानाचा महिमा सांगताना हे विसरू नये: फक्त ओळखीच्या प्रदेशात राहिल्याने ज्ञान वापरले जाते, वाढत नाही.

नवी माहिती लक्षात ठेवताना पूर्वज्ञानाचा जाणीवपूर्वक उपयोग कसा करावा?

माहिती ऐकण्याआधी त्या विषयाचे आपल्याला काय ठाऊक आहे, ते क्षणभर आठवावे. मग नवी गोष्ट त्यातल्या कशासारखी आहे आणि कशात वेगळी आहे, हे स्वतःच्या शब्दांत म्हणावे. दुसरा भाग विशेष महत्त्वाचा, कारण चूक नेहमी वेगळेपणाच्या जागीच होते. ज्येष्ठ व्यक्ती अशी सांगड घालू शकतात, पण सांगितल्याशिवाय ती घालतातच असे नाही, आणि त्यासाठी त्यांना थोडा अधिक वेळ लागतो. तो वेळ बोलणाऱ्यानेही द्यायला हवा. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा काही वेळाने न पाहता आठवून पाहणे कोणत्याही वयात अधिक परिणामकारक ठरते.

ज्यांना अर्थाचा आधारच नाही, अशा गोष्टी, म्हणजे पासवर्ड, नवे दूरध्वनी क्रमांक, नेहमीपेक्षा वेगळी औषधाची वेळ, सरळ लिहून ठेवाव्यात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

झोप, व्यायाम आणि ऐकू येणे यांचा काही संबंध आहे का?

तिन्हींचा आहे. गाढ झोपेत आठवणी पक्क्या होतात आणि ही गाढ झोप वयानुसार घटते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १२० ज्येष्ठांच्या अभ्यासात वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्के वाढले, तर केवळ स्नायू ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत ते घटले. ऐकू कमी येत असेल तर शब्द ओळखण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते आणि तो शब्द लक्षात ठेवायला ती कमी उरते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके नमूद केले, त्यांत श्रवणदोष आहे.

डॉक्टरांचा सल्ला केव्हा घ्यावा?

वस्तू कोठे ठेवली हे विसरणे आणि नंतर शोधून काढणे सामान्य आहे. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न थोड्याच वेळात पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणे, किंवा घरच्यांना बदल जाणवत असूनही स्वतःला तो न जाणवणे, यांपैकी काही आढळल्यास तपासणी करावी. या लेखाच्या विषयाशी निगडित एक लक्षण विशेष लक्ष देण्याजोगे आहे: नेहमीच्या वस्तूंचे अर्थ, परिचित शब्द किंवा आयुष्यभराच्या व्यवसायातली प्राथमिक माहिती हरवू लागणे. ज्ञानस्मृती निरोगी वार्धक्यात टिकते, त्यामुळे तिची झीज वयाच्या खाती टाकून चालत नाही. त्याच वेळी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मृती मंदावते. ही कारणे साध्या तपासण्यांतून सापडू शकतात आणि त्यांवर उपचार उपलब्ध असतात. त्यासाठी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी भेटीला सोबत न्यावी.